अंगठा, सही आणि जीव : तातडीच्या उपचारातील संमतीचा प्रश्न

तातडीच्या वैद्यकीय उपचारात रुग्णाचे हक्क कोणते, त्याची संमती केव्हा घ्यावी लागते आणि केव्हा लागत नाही, हा प्रश्न आपल्याकडे वकिलांचा आणि डॉक्टरांचा समजला जातो. चळवळीच्या व्यासपीठावर तो सहसा येत नाही. जमीन, पाणी, शिष्यवृत्ती, राखीव जागा, अत्याचार यांवर आपण ठराव केले, मोर्चे काढले, आणि ते केलेच पाहिजेत. पण रात्री दोन वाजता वस्तीतला माणूस दवाखान्याच्या दारात नेला म्हणजे त्याचे काय होते, तिथे त्याला कोणता हक्क आहे, हे आपल्या पदवीधर कार्यकर्त्यालाही नीट सांगता येत नाही. म्हणून हा लेख.

वस्तीत दवाखान्याविषयी दोन तक्रारी कायम ऐकू येतात. पहिली अशी : "पैसे भरल्याबिगर हातच लावला न्हाई." दुसरी अशी : "न इचारता आपरेशन करून टाकलं." वरवर पाहता या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत. एकीत हात लावला नाही म्हणून राग आहे, दुसरीत न विचारता हात लावला म्हणून. माझे म्हणणे असे आहे की या दोन तक्रारींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो माणूसपणाचा आहे. शरीर ज्याचे, निर्णय त्याचा, हे तत्त्व. तो बोलू शकत असेल तर त्याला विचारा. तो बोलू शकत नसेल आणि जीव जात असेल तर आधी वाचवा, कारण कोणाही माणसाला जगायचेच असते असे धरून चालले पाहिजे. आपल्या माणसांच्या बाबतीत मात्र हे नेमके उलटे होते. जिथे विचारत बसण्याची गरज नसते तिथे कागद पुढे येतो. आणि जिथे विचारायलाच हवे तिथे कोणी विचारत नाही.

स्पर्शाचा इतिहास

हा प्रश्न आपल्या नियतकालिकात का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलेल्या एका पत्रात आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणीवजा लेखनात ते उद्धृत केले आहे. पत्र काठेवाडमधल्या एका अस्पृश्य शाळामास्तराचे आहे. त्याची बायको बाळंत होऊन दोन दिवस झाले आणि ती गंभीर आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. मास्तराने गावच्या नगरशेठकडे आणि दरबाराकडे गाऱ्हाणे घातले. नगरशेठने डॉक्टरच्या दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा डॉक्टर आला, पण अट अशी की रोगी वस्तीबाहेर आणायचा. दोन दिवसांच्या ओल्या बाळंतिणीला बाळासकट बाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो मास्तराला दिला, मास्तराने बायकोला लावला, आणि तो त्याच हातांनी परत गेला. न्यूमोनिया आहे, एवढे डॉक्टरने लांबूनच सांगितले. पुढे तो आलाच नाही. बाई मेली.

या हकिगतीत आजच्या प्रश्नाचे सगळे धागे आहेत. तातडी होती, वैद्य होता, औषध होते. तरीही उपचाराआधी फीची हमी लागली. डॉक्टर, शेठ आणि नवरा यांच्यात बोलणी झाली. ज्या बाईचा जीव जात होता तिला कोणी काही विचारल्याचे दिसत नाही. म्हणजे नकार आणि न विचारणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला एकाच वेळी आल्या. तिला रुग्ण मानण्याआधी तिची जात मोजली गेली होती.

स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या ५ व्या कलमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात वा दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. तिच्यात रुग्णालय, दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र यांत जाण्यापासून अनुसूचित जातिजमातींच्या माणसाला अडवणे याचा स्वतंत्र उल्लेख आहे. आता कोणी उघडपणे 'तुझी जात कोणती' असे विचारून दार लावत नाही. आता 'डिपॉझिट किती आणलं' असे विचारतात. पैसा नसण्याचे आणि जातीचे नाते आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

नियम आणि अपवाद

आता कायद्याकडे वळू. आपल्या फौजदारी कायद्याने हा विषय १८६० सालीच हाताळला आहे. भारतीय दंड संहितेच्या ९२ व्या कलमात एक उदाहरण दिलेले होते. घोड्यावरून पडून एक माणूस बेशुद्ध झाला आहे, त्याच्या कवटीवर शस्त्रक्रिया करावी लागणार आहे, त्याला विचारणे शक्य नाही. अशा वेळी शल्यवैद्याने सद्भावनेने, त्याच्या भल्यासाठी, त्याच्या संमतीवाचून शस्त्रक्रिया केली तर तो गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३० व्या कलमात हीच तरतूद आहे.

या तरतुदीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. संमती हा नियम आहे, तातडी हा अपवाद. आणि या अपवादाला चार कुंपणे आहेत. पहिले, जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका असला पाहिजे. दुसरे, रुग्ण संमती देण्याच्या अवस्थेत नसला पाहिजे, आणि त्याच्या वतीने कायद्याने संमती देऊ शकणारा कोणी वेळेत मिळणारा नसला पाहिजे. तिसरे, जे करायचे ते रुग्णाच्या भल्यासाठी असले पाहिजे. रुग्णालयाच्या सोयीसाठी नव्हे. चौथे, तो धोका टाळण्यासाठी जेवढे लागेल तेवढेच करायचे. 'पोट उघडलेच आहे तर हेही उरकून घेऊ' असे या अपवादात बसत नाही.

आणि रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, समजून-उमजून 'नको' म्हणतो आहे, तर काय? तर तातडीच्या नावाखाली त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही. समजशक्ती शाबूत असलेल्या सज्ञान माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' खटल्यात स्पष्टपणे मान्य केले. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमातही हीच दृष्टी आहे. अपघातात जखमी झालेल्यावर डॉक्टरने कोणत्याही औपचारिकतेसाठी न थांबता ताबडतोब उपचार करायचे, असे ते कलम सांगते. अपवाद एवढाच की जखमीची स्वतःची, किंवा तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाची, इच्छा वेगळी असेल. म्हणजे घाई डॉक्टरने करायची, पण शब्द रुग्णाचा.

न्यायालयाने काय सांगितले

उपचार नाकारण्याबाबत दोन निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असले पाहिजेत.

पहिला २८ ऑगस्ट १९८९ चा, परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. त्याला जवळच्या रुग्णालयात नेले, तर ही पोलीस केस आहे, आमच्याकडे अशा केसेस घेत नाहीत, असे सांगून सुमारे २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात नेण्यास सांगण्यात आले. वाटेतच तो मेला. वर्तमानपत्रातली ही बातमी घेऊन कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितले की, घटनेच्या २१ व्या कलमानुसार जीव वाचवणे हे राज्याचे कर्तव्य आहे. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरवर आपले कौशल्य वापरून जीव वाचवण्याचे बंधन आहे. पोलिसांची औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. अपघात, मारहाण, जळणे, विष पिणे अशा प्रत्येक प्रसंगी ज्यांना 'आधी पोलीस स्टेशनला जाऊन या' असे सांगितले जाते, त्यांच्यासाठी हा निकाल आहे.

दुसरा निकाल ६ मे १९९६ चा, पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य. हा तर आपल्याच माणसाचा खटला आहे. शेतमजुरांच्या संघटनेचा एक सभासद ८ जुलै १९९२ रोजी मथुरापूर स्टेशनवर गाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला. प्राथमिक केंद्रात सोय नव्हती म्हणून त्याला पुढे पाठवले. मग कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांच्या दारात त्याला फिरवले गेले. कुठे खाट रिकामी नाही, कुठे यंत्र नाही. शेवटी त्याला खाजगी रुग्णालयात ठेवावे लागले आणि सुमारे १७ हजार रुपये खर्च आला. न्यायालयाने २१ व्या कलमाचा भंग झाला असे ठरवून त्याला २५ हजार रुपये भरपाई देवविली. शिवाय एक महत्त्वाची गोष्ट सांगितली : जीव वाचवण्याची सोय पुरवण्याच्या बाबतीत राज्याला पैसा नसल्याची सबब सांगता येणार नाही. 'वर पाठवा', 'सिव्हिलला न्या' हे शब्द आपण जन्मापासून ऐकतो. त्यांना दिलेले हे घटनात्मक उत्तर आहे.

महाराष्ट्रात आणखी एक हत्यार आपल्या हाती आहे. अनेक मोठी खाजगी रुग्णालये सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत आणि त्या नावावर सवलती घेतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली त्यांच्यासाठी योजना ठरवून दिली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. त्याच योजनेत असेही आहे की, तातडीच्या रुग्णाला अशा रुग्णालयाने ताबडतोब दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यायचे, आणि त्यासाठी अनामत रक्कम मागायची नाही. नावापुढे 'ट्रस्ट' लिहिलेल्या किती रुग्णालयांच्या गल्ल्यावर हे कोणी मोठ्याने म्हणून दाखवले आहे?

बलात्कार आणि ॲसिडहल्ला यांतील पीडितांना सरकारी वा खाजगी कोणत्याही रुग्णालयाने तत्काळ मोफत उपचार दिलेच पाहिजेत, अशी तरतूद २०१३ साली फौजदारी प्रक्रियेत आली आणि नव्या संहितेतही ती कायम आहे. उपचार न देणे हा तिथे शिक्षेस पात्र गुन्हा आहे.

तीन कागद

इथवर पुस्तकातले झाले. दारात काय घडते ते पाहू.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील सालगडी होते. त्यांच्या आयुष्यात कागदाशी संबंध आला तो अंगठा उठवण्यापुरता, आणि ज्या कागदावर अंगठा उठवला तो त्यांच्या विरोधातच निघाला. त्यामुळे वस्तीत कोणालाही दवाखान्यात नेले की कागद वाचायला मला बोलावणे येते. दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी माझ्या आतेभावाला रानात पाणी धरताना घोणस चावली. घोणसचे विष रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवते आणि मूत्रपिंडे निकामी करू शकते. तिथे मिनिटे मोजायची असतात. मी पोचलो तेव्हा तो तालुक्यातल्या एका खाजगी दवाखान्यात बाकावर पडलेला होता, पाय सुजलेला, हिरड्यांतून रक्त येत होते. आणि आत्या हातात कागद धरून उभी होती.

"बाळा, काय लिवलंय रं ह्येच्यात? त्ये म्हनत्यात अंगठा दे, मंग सलाईन लावतो."

कागद छापील होता आणि इंग्रजीत होता. एकाला एक टाचलेली तीन पाने. पहिल्यावर उपचाराला संमती. दुसऱ्यावर बिलाची हमी. तिसऱ्यावर, काहीही बरेवाईट झाल्यास रुग्णालय व डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत आणि आमची कोणतीही तक्रार राहणार नाही, असा मजकूर. तिन्हींसाठी अंगठा मात्र एकच मागितला जात होता.

मी डॉक्टरांना विचारले, "साहेब, लस आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. पण आधी सही पाहिजे. तुम्ही पेशंटचे कोण?"

"मामेभाऊ. पहिल्या पानावर तो स्वतःच सही करील. शुद्धीवर आहे तो. बाकीच्या दोन पानांचं लस चालू झाल्यावर बघू."

थोडी बोलाचाली झाली. पण लस चालू झाली आणि मुलगा वाचला. ही हकिगत शौर्य म्हणून सांगत नाही. अशी बोलाचाली करायला जो शिकलेला माणूस लागतो तो प्रत्येक वस्तीत नसतो, हे सांगायचे आहे. आणि मुख्य म्हणजे ते तीन कागद वेगळे आहेत हे सांगायचे आहे.

पहिला कागद संमतीचा. तो रुग्णाच्या रक्षणासाठी आहे. काय करणार, कशासाठी करणार, धोका काय, हे रुग्णाला कळले आणि त्याने होकार दिला, याची ती नोंद. जीव जात असेल आणि रुग्ण बेशुद्ध असेल तर ती नसली तरी अडत नाही. केरळ उच्च न्यायालयापुढे १९८६ साली निकाल लागलेला टी. टी. थॉमस विरुद्ध एलिसा हा खटला या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आंत्रपुच्छाच्या दुखण्याने एक रुग्ण रुग्णालयात आला, शस्त्रक्रिया वेळेत झाली नाही, तो मेला. रुग्णानेच संमती नाकारली, असा डॉक्टरचा बचाव होता. न्यायालयाने सांगितले की, रुग्णाने नकार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी डॉक्टरवर आहे. सही नव्हती म्हणून थांबलो, हे उत्तर पुरेसे नाही.

दुसरा कागद बिलाच्या हमीचा. तो व्यवहार आहे. काठेवाडच्या त्या नगरशेठचे दोन रुपये म्हणजे हाच कागद. तातडीच्या उपचारापूर्वी त्याची अट घालता येत नाही.

तिसरा कागद माफीचा. त्याला तर काडीची किंमत नाही. शस्त्रक्रियेतल्या स्वाभाविक धोक्याला माणूस संमती देतो, डॉक्टरच्या निष्काळजीपणाला नव्हे. असा कागद भरून दिला म्हणून न्यायालयाचे दार बंद होत नाही.

याच जातीचा चौथा कागद शेवटी येतो. त्याला दवाखान्यात 'डामा' म्हणतात. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध आम्ही स्वखुशीने रुग्णाला घरी नेत आहोत, असा त्याचा मजकूर. बिल भागेना म्हणून रुग्ण हलवावा लागतो, आणि कागदावर उमटते ती 'स्वखुशी'. दारिद्र्याला स्वखुशी म्हणण्याची ही रीत आपल्याला नवीन नाही. सावकाराच्या खतातही 'राजीखुशीने' हा शब्द असायचाच.

न विचारता

आता दुसरी बाजू. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा १६ जानेवारी २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल संमतीच्या बाबतीत पायाभूत आहे. ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री १९९५ साली रक्तस्रावाची तक्रार घेऊन गेली. दुर्बिणीतून तपासणी करण्याला तिने संमती दिली. ती भुलीखाली असताना डॉक्टर बाहेर आली आणि बाहेर बसलेल्या तिच्या आईकडून संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले. न्यायालयाने सांगितले की, रुग्ण सज्ञान होती, तात्पुरती भुलीखाली होती, जिवाला तत्काळ धोका नव्हता. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. म्हणून आईची संमती ही संमतीच नव्हे. तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही, आणि एका शस्त्रक्रियेला दिलेली दुसरीला लागू होत नाही. संमतीपूर्वी रुग्णाला पुढील गोष्टी समजतील अशा सांगितल्या पाहिजेत : उपचाराचे स्वरूप, त्याचा हेतू आणि फायदा, दुसरे पर्याय, मोठे धोके, आणि उपचार न घेतल्यास काय होईल.

आपल्याकडे 'घरच्यांची सही' हा शब्द इतका रुळला आहे की सज्ञान रुग्ण समोर बोलत असताना सही मात्र नवऱ्याची, भावाची, नाहीतर सासऱ्याची घेतली जाते. कायद्यात सज्ञान, शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या संमतीची जागा तिचा नवरा घेऊ शकत नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती एवढीच अट आहे, नवऱ्याच्या सहीची नाही.

आणि बीडच्या ऊसतोड बायांचे काय? २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या बायांनी अंगठे दिलेले होते. मग ती संमती होती का? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर. एक दिवस काम चुकले की खाडा. अशा जिण्यात अंगावरून जाण्याची, पोटदुखीची तक्रार घेऊन बाई दवाखान्यात गेली आणि 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' असे तिला सांगितले गेले, तर तिने दिलेल्या अंगठ्याला काय म्हणायचे? कायदा सांगतो की भीतीपोटी किंवा वस्तुस्थितीविषयीच्या गैरसमजातून दिलेली संमती, ती घेणाऱ्याला हे माहीत असेल तर, संमती नव्हे. दंड संहितेचे ९० वे कलम हेच म्हणत होते आणि न्याय संहितेचे २८ वे कलमही तेच म्हणते. इथे खोटी तातडी निर्माण केली गेली. खऱ्या तातडीत ज्यांना दारात ताटकळत ठेवले जाते, त्यांच्याच पोटावर खोट्या तातडीत घाईघाईने सुरी चालते.

'आणीबाणी' या शब्दाचाही एक इतिहास आहे. शहा आयोगाने नोंदवल्याप्रमाणे १९७६-७७ या एका वर्षात देशात ८१ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही. पण त्या काळात कोटा पुरा करण्यासाठी देशभर गाठले गेले ते प्रामुख्याने गरीब आणि परावलंबी लोक. संकट देशाचे म्हणायचे आणि शरीर गरिबाचे वापरायचे.

कार्यकर्त्याने काय करावे

एक. दारात उभे राहून पहिला शब्द 'आधी उपचार' हा असावा. रुग्ण किती वाजता आणला ते केसपेपरवर लिहून घ्यावे. घेत नाहीत म्हणाले तर 'का घेत नाही ते लिहून द्या, खाली नाव आणि वेळ घाला' एवढेच शांतपणे म्हणावे. पुष्कळदा या एका वाक्याने खाट रिकामी होते. पुढे पाठवणार असतील तर काय उपचार दिले, का पाठवत आहेत, याची चिठ्ठी घ्यावी आणि १०८ ची गाडी मागवावी.

दोन. कागद मोठ्याने, मराठीत, रुग्णाला ऐकू जाईल असा वाचावा. संमती, हमी आणि माफी ही पाने वेगळी करावीत. कोऱ्या जागा भरल्याशिवाय अंगठा देऊ नये. अंगठ्याला साक्षीदार रुग्णालयाचा नोकर नको, आपला माणूस असावा. रुग्ण बाई असेल आणि शुद्धीवर असेल तर प्रश्न तिलाच विचारायला लावावेत, आणि हे आधी आपल्या घरात पाळावे.

तीन. वैद्यकीय नीतिनियम, २००२ प्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाचे कागद द्यावे लागतात. ते मागावेत. कागदाशिवाय तक्रार उभी राहत नाही.

चार. तक्रार कुठे करायची ते ठरवावे. न्यासाचे रुग्णालय असेल तर धर्मादाय आयुक्त. डॉक्टरचे वर्तन असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. पैसे घेऊन सेवा दिली असेल तर ग्राहक आयोग. इथे एक विषमता लक्षात घ्या. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यानुसार जिथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते ते सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्याच्या बाहेर आहे. पैसे मोजणारा तो ग्राहक, आणि आपला माणूस कोणीच नाही. पण त्याच्यासाठी २१ वे कलम आहे, मानवी हक्क आयोग आहे, उच्च न्यायालय आहे. जातीवरून अडवले असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच.

पाच. हात उगारू नये. २०१० च्या कायद्याने महाराष्ट्रात डॉक्टर व रुग्णालयावरील हल्ला हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. काच फुटते, आपली चार पोरे आत जातात, आणि ज्याच्यासाठी गेलो त्याची तक्रार मागे पडते. शिवाय सिव्हिलमध्ये दिवस-रात्र सलग ड्युटी करणारा शिकाऊ डॉक्टर आपला शत्रू नाही. त्याच्या हाती खाट नाही, लस नाही, रक्त नाही, कारण ती पुरवणाऱ्याने पुरवलेली नाही. जाब वर विचारायचा आहे.

सहा. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक काम हाती घ्यावे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. तातडीच्या उपचाराचा हक्क आणि माहितीपूर्ण संमतीचा हक्क तिच्यात आहे. बिलासाठी रुग्णाला वा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, हेही तिच्यात आहे. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांच्या नोंदणीचे नियम २०२१ साली सुधारले, त्यांतही रुग्णहक्कांची सनद आली. आपल्या तालुक्यातल्या किती रुग्णालयांत ती मराठीत, दिसेल अशी लावलेली आहे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना एक वही देऊन एवढे जरी मोजायला लावले, तरी एक अहवाल तयार होईल. तो तहसीलदारापुढे, जिल्हा शल्यचिकित्सकापुढे ठेवता येईल. संमतीपत्र मराठीत आणि तीन वेगळ्या कागदांवर असावे, अशी मागणी त्यासोबत करता येईल.

आपल्या पिढीला लिहिता-वाचता येऊ लागले ते फार मोठ्या किमतीवर. ते केवळ नोकरीच्या अर्जापुरते वापरायचे नसेल तर दवाखान्याच्या दारातला कागदही आपल्याला वाचता आला पाहिजे, आणि शेजारच्याला वाचून दाखवता आला पाहिजे. पुढच्या अंकाच्या वाचकांनी आपापल्या तालुक्यातल्या रुग्णालयांची अशी पाहणी करून कळवावी. त्या माहितीवरच या प्रश्नाची चळवळ उभी राहील.